मागल्या दाराचे ग्रीनवुड

यॉर्कशर, ४ मे १९६८

ती. हिल्डाआत्यास,
कीथचा शि. सा. न.

कॉर्नवॉलला निघालो होतो, पण लॉरीवाला इकडे वळला, म्हणून मीही वळलो. बाबांनी जन्मभर जिचं नाव काढलं नाही, तीच ही दरी. कसाई ग्रीनवुड, पोस्टमन ग्रीनवुड, थडग्यांवरही ग्रीनवुड. वरच्या उतारावर म्हणे कधीकाळी हिरवं रान होतं, तिथली माणसं ती ग्रीनवुड. नंतर देशभर पांगली. रान गेलं, मेंढ्या उरल्या. मेंढ्यांवरून आठवलं, माझा स्वेटर पाठव.

आडनावाने इथे कोण कोणाला ओळखणार? म्हणून प्रत्येक घराला आणखी एक नाव आहे: कोणी ओढ्याचे, कोणी लंगड्या जॉनचे. जो तो मला विचारतो, तू कुठल्यातला. माहीत नाही म्हटलं की बिअरचा पेला उचलून लांब सरकतो.

खरी गोष्ट मॉरीनची. तीही ग्रीनवुड, ओढ्याची. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. पण तिची आई ॲनिस म्हणते, घराचं नाव कळल्याशिवाय पोरगी देणार नाही, उद्या चुलतभाऊ निघालास तर? शिवाय माझा डोळा त्यांच्या शेतावर आहे असा तिला संशय. त्यात दगडांशिवाय काही पिकत नाही, हे तिला कोण सांगणार?

तू इथलीच. मागे विचारलं तर भांडी घासायला उठलीस. काय लपवतेस, आत्या?

तुझा, अजून तरी लाडका,
कीथ

इप्सविच, ९ मे

चि. कीथ यास अ. आ.

स्वेटर पाठवलाय. कोपराला ठिगळ आहे, नाक मुरडू नकोस.

ॲनिसला नाव कशाला हवंय ते मी ओळखून आहे. तुझ्या तोंडून वदवून गावभर करायचंय. तरी सांगते, नाहीतर तू आणखी चौघांना विचारशील. गिरणीचा मोठा संप झाला तेव्हा तुझा बाप तान्हा होता, तापाने फणफणलेला. आजोबा मागल्या दाराने कामावर जायला लागले. तेव्हापासून आपण 'मागल्या दाराचे'. ओढ्याच्यांशी आपलं रक्ताचं नातं नाही. पण ॲनिसचा बाप संपाचा पुढारी होता. शाळेत ती माझ्या बाकावर बसायची, एक दिवस दप्तर उचलून गेली.

नाव सांगितलंस तर पोरगी मिळायची नाही, लपवलंस तरी नाही. परत ये.

माया कमी झालेली नाही,
हिल्डा

यॉर्कशर, १४ मे

ती. आत्यास,
कीथचा शि. सा. न.

सांगून टाकलं. दुसरंच एखादं नाव ठोकून दे, असं मॉरीनने सुचवलं होतं, पण ॲनिससमोर मला खोटं सुचेना. ती पीठ मळत होती, हात थांबले. मला वाटलं, आता लाटणं बसतंय. तिने विचारलं, हिल्डा आहे का अजून. म्हणाली, बापाने सांगितलं म्हणून त्या बाकावरून उठले होते. बाप गेला, तरी तोंड दाखवायचं धाडस झालं नाही.

लग्नाला तिचा होकार आहे, पण अट अशी, की चॅपलमध्ये मुलाकडची म्हणून पहिल्या रांगेत तू बसायचंस, सगळ्या गावासमोर. इतकं गोड बोलली की मलाच शंका येतेय. येशील ना?

वाट बघणारा,
कीथ

इप्सविच, १७ मे

चि. कीथ यास अ. आ.

इतक्या वर्षांनी ॲनिसला माझा पुळका आलाय, म्हणजे काहीतरी असणारच. शनिवारच्या गाडीने येते. पहिल्या रांगेत बसेन, चहाही घेईन. पण तिला सांगून ठेव, मी कोट काढून ऐसपैस बसणार नाही.

फारच उकडलं तर बघू.

तुझी आत्या,
हिल्डा