अग्नी देणाऱ्याचं नाव

प्रिय विनू,

त्या सकाळी पाणी सव्वासहाला आलं. मी पिंप भरलं, दोन कळशा भरल्या, भाकरीचं पीठ मळायला घेतलं. तुझे पप्पा खिडकीतून समोर उमेळे गावातल्या, तोडत आणलेल्या केळीच्या वाडीकडे बघत होते. अजून चार केळी उभ्या आहेत म्हणाले, आणि खुर्चीत बसले ते बसलेच. साडेआठला दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली.

मी चौथी शिकलेली बाई. यांनी वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचत वाचत शहाणी झाले. म्हणून त्याही वेळी मला आठवलं आणि मी डॉक्टरांना सांगितलं, यांच्या छातीतला पेसमेकर काढून घ्या, स्मशानातल्या गॅसच्या भट्टीत तो फुटतो. ते माझ्याकडे बघतच राहिले.

जयराम भाऊजींना लाकडं हवी होती. आपल्यात कुणी गॅसवर गेलेलं नाही, उद्या सावडायला काय उरणार, असं त्यांचं म्हणणं. वर म्हणाले, "वहिनी, माझा भाऊ काय पाव आहे, भट्टीत घालायला?" मी ऐकलं नाही. यांच्या मित्राच्या, सिप्रियनच्या मातीला जाऊन आल्यावर यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, मला गॅसवर न्या, झाडं तोडू नका. राख दोन तासांत मिळते, तीच सावडायची, हेही मी भाऊजींना समजावलं. मला फार बरं वाटलं होतं, यांची इच्छा मी राखली म्हणून.

तू पुण्याहून निघाली होतीस. आम्ही तुझ्यासाठी थांबलो, पण तू शेवटचं तोंड बघशील एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. तू आलीस, रडली नाहीस, यांचे केस सारखे केलेस. स्मशानात भाऊजींच्या विघ्नेशच्या खांद्यावर मडकं दिलं तेव्हा तू पुढे होऊन म्हणालीस, "काका, पप्पांचं मी करणार." भाऊजी काही बोलायच्या आत विघ्नेशनेच मडकं उतरवलं. म्हणाला, "घे ताई. ते तुझेच." तू तीन फेरे घेतलेस, पाण्याची धार तुझ्या पाठीवरून वाहत होती. यांच्या छातीवर कापूर ठेवलास. भट्टीचं दार बंद झालं, तू बटण दाबलंस. मी भिंतीला टेकून उभी होते. ही माझी मुलगी, एवढंच मनात येत होतं. आजही कपडे वाळत घालताना ते आठवतं आणि मान ताठ होते.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, सासूबाई अजून टोचून बोलतात, पण मी त्यांना सांगते, माझी आई पाठीशी उभी होती. त्यानंतर मला जेवण गेलं नाही. विनू, मी तुझ्या पाठीशी उभी नव्हते. तू वाटेत असताना भाऊजींनी विचारलं होतं, अग्नी कोण देणार? मी म्हटलं, विघ्नेश. लाकडांवरून भांडले, तुझ्यासाठी नाही. लोक काय म्हणतील ही भीती पुस्तकांनी गेली नव्हती. स्मशानातल्या नोंदवहीत अग्नी देणाऱ्याच्या रकान्यात विघ्नेशचं नाव लिहिलेलं होतं, ते मी वाचलं आणि खाली सही केली. तू मडकं घेतलंस ते एकटीने. तेव्हा मी अडवलं नाही, इतकंच. ते श्रेय मला देऊ नकोस, ते सगळं तुझं आहे. हे तोंडाने सांगता येईना, म्हणून लिहिलं. सोमवारी सकाळी मी रिक्षाने स्मशानभूमीच्या कार्यालयात गेले, अर्ज दिला. विघ्नेशही सही द्यायला आला होता. त्याचं नाव खोडून तिथे विनिता, मुलगी, असं लिहून घेतलं.

तुझीच,
आई