तांबडं पाखरू कोणत्या बाजूला

२६ नोव्हें. १९७४, मंगळ.
वाळवी लागली म्हणून माडीवरच्या माझ्या खोलीतलं भूगोलाचं कपाट हलवलं. मागे भिंत नाहीच. माणसाहून उंच खिडकी, आतून काळा कागद डकवलेला, बाहेरून पत्रा ठोकलेला. मोठ्या लढाईतला ब्लॅकआउट असणार. तेव्हा इथे शाळा नव्हती, मुंबईच्या कुणा शेटचा बंगला होता. एक कोपरा भिजवून सोलला. खाली हिरवी काच.
सहा वर्षं मी इथे मुख्याध्यापिका. त्या कपाटाला पाठ लावून बसते.

२८ नोव्हें.
शाळा समितीचे अध्यक्ष अप्पा येऊन बघून गेले. "बाई, रंगीत काच म्हणजे पोरांना नेम धरायला आयती सोय. विटा लावा." सव्वीस जानेवारीपर्यंत मुदत मागितली. मुलांसाठी, असं मी म्हणाले. खरं म्हणजे खिडकी मला हवी आहे. हे खोटं बोलणं झालं का?

१ डिसें., रवि.
कर्जत बाजारातले करीमचाचा आले. स्टोव्ह, डबे, पिंपं यांना डाग देतात, म्हणजे कथलाने सांधतात. काचांमधल्या शिशाच्या पट्ट्या चाचपून म्हणाले, "शिसं म्हातारं झालंय. घाई केली तर अख्खी खिडकी माझ्या मांडीवर."
पत्रा काढला. मधोमध झाड, खाली पाणी. झाडाच्या दोन बाजूंना दोन भोकं, पाखरांच्या आकाराची. पाखरं तळाच्या धुळीत सापडली, एक तांबडं, एक निळं. मापाने सारखी. उलटं केलं की कुठलंही कुठेही बसतं. चाचा म्हणाले, "कुठेही लावा, कोण बघायला येतंय?" मी नको म्हटलं.

४ डिसें.
जेवताना सहज खिडकीचं बोलले. आईचा घास हातातच राहिला.
"पाखरांची? हाय ती अजून?"
ती शेटच्या अंगणात झाडलोट करायची, हे माहीत होतं. खिडकीचं कधी बोलली नव्हती.
"दिवेलागणीला निघायची मी. वर बत्ती लागली का पाखरं उजळायची. उजव्या हाताला तांबडं, डाव्या हाताला निळं. तू पोटात व्हतीस तवा रोज बघायची."
"चल ना बघायला."
"गुडगं नाय गं चढू देत."

९ डिसें.
ओल्या फडक्याने कागद सोलणं चालू. नखं काळी. आज पाण्याचा भाग मोकळा झाला. सातवीच्या मुली हातांवर निळा उजेड घेऊन उभ्या राहिल्या. ओरडले नाही.

१५ डिसें., रवि.
पाखरं बसली. उजवीकडे तांबडं, डावीकडे निळं, आईने सांगितलं तसं. चाचांनी डाग देऊन पुसून घेतलं. कंदील लावून ते फटी तपासत होते, मी खाली अंगणात गेले. वर बघितलं.
तांबडं डाव्या हाताला.
आईने खिडकी इथूनच बघितलेली. तिचा उजवा हात अंगणातला. मी तो आतला धरला, कारण मी आत बसते. ती कधी आत गेलीच नव्हती, हे मला, तिच्या मुलीला, सुचलं नाही.

१६ डिसें.
झोप धड नाही. आई शाळेत डबा घेऊन येते, फाटकाशी उभी राहून शिपायाच्या हाती देते. सहा वर्षं. गुडघे म्हणते, मी गुडघेच मानले. छप्पन साली आम्ही धम्मदीक्षा घेतली, तेव्हा सगळ्या गर्दीत सर्वांत ताठ तीच उभी होती. मग ही पायरी का अडते? की खरंच गुडघेच? विचारावं का? विचारलं तर मी मुलगी म्हणून विचारेन की शाळेची बाई म्हणून?

१७ डिसें.
चाचांना सांगितलं. हसले. "मग अदलाबदल करायची, एवढंच ना? पाखरं काढतो, दोन डाग."
काढा म्हटलं. पण बसवू नका. एकदा आईचं बोलणं मी माझ्या अंगाने वळवलं. आता ती आतून बघेल आणि सांगेल.
"आणि नाही आल्या तर?"


१९ डिसें.
आईला चूक सांगितली. इतकी हसली की ठसका लागला. "एवढी शिकलीस, मास्तरीण झालीस, अन् आईचा उजवा हात कंचा ते कळंना!" नंतर, "रविवारी शाळा बंद असती ना?"

२२ डिसें., रवि.
आली. नवं लुगडं. फाटकातून आत, सरळ अंगणात, आणि जुन्या जागी उभी राहून वर बघत राहिली. दोन भोकांतून नुसता खोलीतला काळोख.
मग जिना. कठडा धरून पाच पायऱ्या. सहावीवर बसली. "थांब गं. दम खाऊ दे." मी हात पुढे केला नाही. करायला हवा होता?
चाचा दोन्ही पाखरं फडक्यात घेऊन खाली आले, तिच्या शेजारच्या पायरीवर ठेवली. तिने तांबडं उचलून उन्हात धरलं. पांढऱ्या केसांवर तांबूस डाग हलला.
"वर काय काय हाय ते सांगू नको. मी बघन."
आज तेवढंच. परत जाताना चाचांना बजावून गेली, "माज्याबिगर लावू नका."
पुढचा रविवार २९ तारखेला. वर आणखी नऊ पायऱ्या.