खर्जाचा डबा

महाड,
२५ मार्च १९८५

प्रिय चंदू,
सप्रेम जय भीम.

माझं अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाला असशील, तर आधी एवढं वाच. काल तुझी बेस गिटार वाजली! तुडीलच्या विहारात, भर दुपारी, सगळ्या वाडीसमोर. खिडक्यांची तावदानं थरथरली, काशीआत्याच्या कोंबड्या पार परड्यात पळाल्या. वाजवणारा मी होतो. म्हणजे वाजवणं कसलं, चार तारा आळीपाळीने ओढत होतो, तरी अंगावर काटा आला. रात्रभर झोप नाही, आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तुला लिहायला बसलोय. गिऱ्हाईक दोनदा परत गेलं, जाऊ दे.

कसं झालं ते सांगतो. दिवाळीनंतर पोलादपूरला मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला होता. त्यांच्या बेसवाल्याचा एक छोटा डबा ऐन वेळी बंद पडला म्हणून कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. उघडून बघतो तर एक वायर सुटलेली, पाच मिनिटांचं काम. मी मात्र त्याला दोन तास बसवून ठेवलं, तीनदा चहा पाजला आणि तेवढ्यात आतली सगळी जोडणी कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतली. चोरी म्हण हवी तर. तो म्हणाला, गिटारचा आवाज मुळात अशक्त, माईकच्या जागी नुसताच खुपसला तर वाटेतच मरतो. हा डबा त्याला आधी उभा करतो आणि मग कितीही लांबच्या वायरीतून गुणगुण न होता थेट ॲम्प्लिफायर मशीनला पोचवतो. त्याला दोन चॅनल, म्हणजे दोन वाद्यं जोडायची आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करायचा. शिवाय बेसचा खर्ज भोंग्यातून निघतच नाही, त्याला कागदी पडद्याचे मोठे स्पीकर लागतात, हेही त्याने सांगितलं. मी मान डोलावली.

मग चार महिने मी दुसरं काही केलं नाही. पहिला डबा लाकडाचा केला, तो मधमाश्यांसारखा गुणगुणायला लागला. धातूचाच हवा होता, पण ॲल्युमिनियमवर वायर जोडायचं सोल्डर धरेना. एक दिवस तुझी आई, आमची जानकीकाकी, बाजाराला आली आणि दुकानात भाकरी खायला बसली. तिचा तो जुना पितळी डबा तुला आठवत असेल. आतून ताजी कल्हई. कल्हई म्हणजे कथीलच की! त्यावर सोल्डर काय बसलं म्हणून सांगू! काकीला उरलेली भाकरी फडक्यात बांधून न्यावी लागली, वर मला ‘मेल्या’ म्हणाली ते वेगळंच. पण पुढच्या आठवड्यात तीच तुझी गिटार घेऊन एस्टीतून उतरली. तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, मांडीवर धरून आणलेली. एवढी वर्षं तिने ती माळ्यावर जपून ठेवली होती, काकांना न सांगता.

तीन वर्षांपूर्वीची जयंती तू विसरणं शक्य नाही. तुझ्या वडिलांच्या, रामजीकाकांच्या गायन पार्टीत तू पहिल्यांदा उभा राहिलास. लाउडस्पीकर माझा, नवा कोरा, चार भोंगे. काकांची एकतारी ऐकू येत होती, पेटी, ढोलकी, झांजासुद्धा. तुझी बोटं मात्र तारांवर पळत होती आणि आवाजाचा पत्ता नाही. पोरं हसायला लागली, ‘मुकी गिटार’ म्हणून कुणी ओरडलं. शेवटी काका सगळ्यांदेखत म्हणाले, ‘येत नाय तर सोंग कशाला करतोस रे?’ तू गिटार भिंतीला टेकवलीस आणि सकाळची गाडी धरलीस. त्यानंतर तू, ठाण्याची कंपनी आणि तुझी खोली. तुडीलला पाऊल नाही, तारेला बोट नाही, माझ्या पत्रांना उत्तर नाही.

तर काल. फणसाच्या फळ्यांची पेटी करून तिच्यात दोन मोठे स्पीकर बसवले होते, ती विहारात लावली. काका आत यायला तयार नव्हते. बाहेर पाठ फिरवून बसले. मी तुझी जाड तार छेडली. दुसऱ्यांदा छेडली तेव्हा ते उठून आत आले आणि स्पीकरच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. मग विचारलं, ‘हे त्या दिवशी कुठं होतं, सोमा?’

चंदू, आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या जयंतीला दुपारीच मी तुझी गिटार लावून बघितली होती. खर्ज भोंग्यातून निघत नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. रात्री पोरं हसायला लागली तेव्हा काकांनी मला विचारलं, दोष मशीनचा की पोराचा? नवा सेट, सगळा तालुका समोर. मी म्हणालो, मशीन ठीक आहे. एवढंच. या तीन शब्दांनी तुला घराबाहेर काढलं आणि मी तीन वर्षं गप्प राहिलो. काल काकांना सगळं सांगितलं. वाटलं, दोन मुस्कटात देतील, मी तयारही होतो. पण ते म्हणाले, ‘तुझा भोंगा खोटा, तू खोटा, असू दे. पण मी गाणारा माणूस. माझं पोर बोटं मोडेस्तोवर वाजवत होतं, मला दिसलं कसं नाय?’ मग घरी जाऊन एकतारी घेऊन आले. जुन्या रेकॉर्डप्लेअरचं पिकअप मी भोपळ्याला मेणाने चिकटवून दिलं. पहिल्या चॅनलमध्ये जोडायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला आणि स्वतः दुसऱ्यात जोडलं. येत्या चौदा एप्रिलला रविवार आहे, तुला सुट्टी असणार. मला माफ करू नकोस वाटलं तर, माझ्याशी बोलूही नकोस, पण ये. पहिल्या चॅनलच्या भोकात काकांनी काकीच्या लुगड्याची चिंधी कोंबून ठेवलीये, तू येईपर्यंत धूळ जायला नको म्हणून.

तुझाच, माफी मागायला तीन वर्षं उशीर केलेला,
सोमा