बोटांवरच्या कळ्या

प्रिय लमुन,

टक्, टक्, टक्, आणि मग फू. तीन हलके घाव आणि एक फुंकर. चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी दुपारी जरा डोळा लागला की तुझ्या छिन्नीचा तो आवाज अजून समोरच्या पाटावरून येतो. मी दगडी खल बाहेरून घडवायचो, तू त्याचं पोट कोरायचीस आणि आतली भुकटी तोंडानं फुंकून काढायचीस. ती सगळी माझ्या तोंडावर. मी कुरकुरलो की म्हणायचीस, “फुकट पावडर लावून देते, तरी तक्रार?” मग मीही माझ्या खलावर फुंकर मारून फिट्टंफाट करायचो. संध्याकाळी शेडमधून बाहेर पडताना आपल्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या, आणि आपल्याला त्याचं हसू यायचं.

शाळा सातवीत सुटली, पण मास्तरांनी ताल धरून म्हणून घेतलेली ती आठ-आठ अक्षरांची कवनं सुटली नाहीत. घाव घालताना मी ती पुटपुटायचो. तुझे बाबा करवादायचे, “कविराज, दगडाला यमक कळत नाही. खल फुटला तर तुझ्या डोक्यात मिरची वाटीन.” पुढे त्यांनी ग्राइंडर आणला आणि शेडमध्ये धुळीचं धुकंच भरलं. आपल्याला मात्र काम झटपट होतंय याचाच आनंद.

त्या वर्षीची थंडी तुला आठवते का? उत्तरेचा वारा सुटला होता. तू पिंपातल्या पाण्यात हात धुतलेस आणि माझ्यासमोर धरलेस. बोटांची टोकं पांढरीशुभ्र, जणू रक्तच नाही. “बघ रे, बधिर झालीत,” म्हणालीस. मी बघितलं आणि काय केलं? कविता केली.

थंडी आली गावामध्ये,
तुझ्या बोटां कळ्या आल्या.

तू ती कागदावर लिहून मागितलीस आणि पुढच्या पावसाळ्यात लग्न होऊन दूर त्राट गावी गेलीस. माझी बायको असेपर्यंत चेष्टा करायची, “काय म्हणते तुमची कळ्यांवाली?” तिला जाऊन सात वर्षं झाली. आता नात, फाय, माझ्याजवळ असते. आपण दोघांनी मिळून केलेला शेवटचा खल तिच्या चुलीपाशी आहे. ती त्यात लसूण-मिरची कुटते तेव्हा अजून तसाच खणखणतो. मी ओसरीवर कोमट पाण्यात हात बुडवून बसतो. समोर समुद्रात शिंपले वाढवायला रोवलेले बांबू दिसतात. ताटात मासा असतो. खोटं कशाला सांगू, सुखात आहे.

कोमट पाणी अशासाठी की गेल्या दोन वर्षांत माझ्याही बोटांना कळ्या आल्या. आधी टोकं पांढरी, मग निळी. मग बोटांची कातडी ताठ झाली, मूठ मिटेना, जिना चढताना दम लागू लागला. फायनं ओढत शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण डोळे मायाळू. म्हणाल्या, “आजोबा, आपल्या शरीरात पहारेकरी असतात. दगडाच्या बारीक धुळीनं वर्षानुवर्षं त्यांना छळलं की काहींचे पहारेकरी बिथरतात आणि आपल्याच घरावर काठी उगारतात.” मी म्हटलं, छिन्नी सोडून वीस वर्षं झाली की. त्या म्हणाल्या, “तुम्ही सोडलीत. धुळीनं तुम्हाला नाही सोडलं.”

मग त्यांनी विचारलं, “शेडमध्ये आणखी कुणाची बोटं अशी पांढरी पडायची?” मी मोठ्या ऐटीत ती कविता म्हणून दाखवली. ताल धरून. फायनं कपाळाला हात लावला. बाईंनी पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत. “कविता छान आहे, आजोबा. पण हे लक्षण आहे. त्या आजी कुठे असतात?”

लमुन, हे पत्र त्यासाठी. मला ज्या कळ्या वाटल्या, तो आजार होता. तू बधिर झालीत म्हणत होतीस आणि मी अक्षरं मोजत होतो. सोबत बाईंची चिठ्ठी ठेवली आहे. ती घेऊन जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, रक्त तपासून घे, छातीचा फोटो काढ. वेळेत कळलं तर फुप्फुसं सांभाळता येतात, असं त्या म्हणाल्या. माझ्या गोळ्या लागू पडल्यात, परवा आठ महिन्यांनी माझी मी शर्टाची गुंडी लावली. तुला काही झालेलं नसेल तर मला खुशाल मूर्ख म्हण. चव्वेचाळीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. ही लिहिली, ती मात्र वाचून फडताळात ठेवू नकोस. आणि ती जुनी कविता अजून असेल, तर फाडून टाक.

तुझाच, धुळीतला सोबती,
थविन

ता. क. पाकीट चिकटवायला फायला हाक मारली, तर तीच दारातून मला हाका मारते आहे. म्हणते, “आजोबा, त्राटहून कुणी आजी आल्यात. एवढ्या उन्हात लोकरीचे हातमोजे घातलेत. हातात तिकडच्या दवाखान्याची चिठ्ठी आहे, आणि तिच्यावर नाव तुमचं आहे.”