ओल्सेनबाईंचा मुलगा

वानुनी, ६ जुलै १९९८

ओल्सेनबाईंना फाउस्तिना चोके हिचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी कडक पडली आहे, सकाळी अंगणातल्या पिंपात बर्फ फोडावा लागतो. तुमच्याकडे आयडाहोत आता उन्हाळा आहे आणि बटाट्याच्या शेताला पाणी द्यायचे दिवस आहेत, असं तुमचा मुलगा सांगत होता. बटाटा आमच्याही डोंगरात पिकतो. आपल्यात तेवढी तरी ओळख आधीपासून आहे.

मी कोण ते सांगते. माझा नवरा सेवेरो इथल्या कथलाच्या खाणीत होता. तो जाऊन अकरा वर्षं झाली. अंगणाच्या वरची खोली मी धर्मप्रचाराला आलेल्या तुमच्या पंथाच्या दोन मुलांना भाड्याने दिली आहे. दुपारचं जेवण त्यांना मी वाढते, त्यांचे कपडे धुते. मी तुमच्या पंथाची नाही आणि होणारही नाही. त्यांनी दिलेलं जाड पुस्तक मात्र दोनदा वाचलं. लढाया फार आहेत. असं म्हटलं तर तुमचा मुलगा हसून म्हणाला, "मामिता, मलाही त्या पानांवर झोप येते, पण कुणाला सांगू नका."

मी शाळेत गेलेले नाही. थंडी अडवायला आमच्याकडे घराच्या भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवतात. त्याच भिंतींवर, सेवेरो खाणीत असताना, एकेक अक्षर लावत मी वाचायला शिकले. तेव्हा चुका सांभाळून घ्या.

हे पत्र तुमच्या मुलाचा खोलीतला जोडीदार, एल्डर लुडलो, आणून देईल. त्याची सेवेची दोन वर्षं पुरी झाली, आणि त्याचं गाव तुमच्या शेजारचंच आहे. तोच तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवेल. लुडलो, जसं लिहिलंय तसं वाच. माझ्या शब्दांना साखर लावू नकोस.

या मुलांना तुमच्यात एल्डर म्हणतात, म्हणजे म्हणे वडीलधारे. जानेवारीत तुमचा मुलगा पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा मी विचारलं, "आणि वडीलधारे कुठे आहेत?" त्याच्या हनुवटीवर लवसुद्धा नव्हती. तो लालबुंद झाला आणि म्हणाला, "येतील, मामिता. आम्हीही त्यांचीच वाट बघतोय."

त्या दिवसापासून तो मला आवडला.

तुम्हाला त्याचं पत्र दर आठवड्याला येतं. सोमवारी त्यांची सुट्टी असते, तेव्हा तो माझ्या चुलीपाशी बसून लिहितो. पण स्वतःचं कौतुक कुणी स्वतः लिहीत नाही, ते मी लिहिते. उजाडायच्या आत उठून तो पांघरूण लपेटून अभ्यास करतो. वरून मला त्याचं क्वेचुआ ऐकू येतं. बाजारातल्या म्हाताऱ्यांना स्पॅनिश नीट येत नाही, म्हणून तो आमची डोंगरातली भाषा शिकतो आहे. चुकतो फार. परवा त्याने एका आजीला "तुमची मेंढी कशी आहे" असं विचारलं, तिच्याकडे मेंढी नव्हती. आजी म्हणाली, "घेऊन दे, मग सांगते."

नंतर दिवसभर दारं ठोठावणं. बहुतेक दारं उघडत नाहीत, काही तोंडावर आपटतात. तो बंद दाराला "तुमचा दिवस चांगला जावो" म्हणतो आणि पुढे जातो. कुत्र्यांना सगळ्या गावात नावं त्यानेच ठेवली आहेत. कुणाचं गॅसचं सिलिंडर चढावर न्यायचं असलं की हा टायसकट खांद्यावर घेतो. आमच्याकडे डोंगरावर धाप लागली की कोकाच्या पानांचा काढा पितात, तो मात्र त्याला चालत नाही. मी त्याच्यासाठी साधं गरम पाणी साखर घालून ठेवते.

ही दोघं एकमेकांना सोडून कुठेच जात नाहीत, त्यांचा तसा नियम आहे. कोपऱ्यावरचा दुकानदार नेमेसियो रोज ओरडतो, "फाउस्तिना, तुझं जोडपं आलं बघ जेवायला!" एकदा तुमच्या मुलाने उलटून सांगितलं, "डॉन नेमेसियो, आम्ही भांडलो तरी वेगळं झोपायची सोय नाही. तुमच्यापेक्षा आमचंच लग्न पक्कं!" नेमेसियोची बायको दुकानात हसून हसून खाली बसली.

मार्चमध्ये आमच्या गल्लीतला एक जुना खाणकामगार वारला. तो आमच्या चर्चचा, तुमच्या नाही. खांदा द्यायला माणसं कमी पडली, तेव्हा तुमचा मुलगा पुढे झाला. पण तो इतका उंच की शवपेटी एका बाजूला कलायला लागली. मग तो गुडघे वाकवून चालला. स्मशान टेकडीवर आहे. सबंध चढ तो तसाच, वाकलेल्या गुडघ्यांनी, दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाला सरळ धरून चालला. बाई, असा मुलगा वाढवलात, तुमचे हात चांगले आहेत.

आज तो चढ त्याला चढता येणार नाही.

हे लिहायचं म्हणून मी पत्राला बसले आणि इतकं इकडचं तिकडचं लिहून झालं.

मे महिन्यापासून सोमवारच्या कपड्यांत त्याचे रुमाल येत नाहीत. शर्ट येतात, मोजे येतात, रुमाल तो स्वतः धुतो आणि खोलीत वाळवतो. चढावर मध्येच थांबतो आणि म्हणतो, "मामिता, डोंगर किती सुंदर आहे!" डोंगर तोच आहे, जानेवारीत तो एवढा सुंदर नव्हता.

सेवेरोनेही माझ्याकडून रुमाल काढून घेतले होते. आमच्या गावात पुरुषमाणूस स्वतःचा रुमाल स्वतः धुवायला लागला की बायका एकमेकींकडे बघतात.

गेल्या मंगळवारी मी त्याच्यापुढे सूप ठेवलं आणि विचारलं, "रक्त कधीपासून पडतंय?"

लुडलो चमचा तसाच धरून खाली बघत बसला. त्यालाही माहीत होतं.

"धूळ आहे, मामिता. खाणीची धूळ."

"तू खाणीत कधी गेलास?"

त्याने सूप बाजूला सारलं. मग म्हणाला, "चारच महिने राहिलेत. नोव्हेंबरात घरी गेलो की डॉक्टरकडे जाईन. आत्ता गेलो तर आमच्या मिशनच्या साहेबांना कळेल, आणि ते घरी परत पाठवतील."

"मग जा की! आईकडे जायला लाजतोस?"

तेव्हा त्याने थोरल्या भावाचं सांगितलं. तोही असाच सेवेला गेला होता, मन बिघडलं म्हणून तीन महिन्यांत परत आला. तुमच्या देवळात लोक त्याला हात मिळवतात आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. वडील त्याच्यासमोर तो विषय काढत नाहीत. आणि बाई, हे लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. तो म्हणाला, "आईने त्याचा फोटो दिवाणखान्यातून उतरवला. आता तिथे माझा आहे."

तुम्ही तो का उतरवलात मला माहीत नाही. थोरल्याला रोज बघायला लागू नये म्हणूनही उतरवला असेल. पण अर्ध्यातून परतणाऱ्याचा फोटो उतरतो, असा अर्थ धाकट्याने लावला आहे, आणि त्या अर्थापायी तो इथे रक्त थुंकतो आहे.

त्याने माझ्याकडून वचन घेतलं, लुडलोकडूनही. बायकांना जवळ घ्यायचं नाही असा त्यांचा नियम, म्हणून माझा हात दोन्ही हातांत धरून घेतलं. ते वचन मी मोडते आहे. लुडलो, तू बोलला नाहीस, तू फक्त वाचतो आहेस. थांबू नकोस. आणि घरी पोचलास की तूही छाती तपासून घे. तुम्ही एका खोलीत झोपत होतात.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "क्षय असेल तर आता औषध आहे. सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. पण मुलाला आणा, उशीर करू नका." सेवेरोच्या छातीत दगडाची धूळ होती, तिला औषध नव्हतं. या मुलाला आहे. म्हणून मला झोप लागत नाही.

साहेबांकडे मी स्वतः जाऊ शकते. पुढच्या सोमवारपर्यंत काही कळलं नाही तर बस धरून जाणारच आहे. पण त्यांनी पाठवला तर तो भावासारखा, हरून आलो असं समजून येईल. आणि आईने बोलावला तर घरी येईल.

आता तुम्हाला अहो-जाहो करवत नाही. अगं, तो मला मामिता म्हणतो, पण मला मूल नाही, आणि त्या शब्दाने कुणी आई होत नाही. आई तू आहेस. तुमच्याकडे मिशनवरच्या मुलाला घरी बोलायची मुभा वर्षातून दोनदाच, हे मला ठाऊक आहे. मातृदिनाचं बोलून झालं, नाताळ लांब आहे. तरी फोन कर. मी वचन मोडलं, तू नियम मोड. नेमेसियोच्या दुकानाचा नंबर लुडलोला पाठ आहे. दुपारी कर, तेव्हा तो माझ्याकडे जेवायला असतो. मी त्याला दुकानापर्यंत चालवत आणीन, तिथे चढ नाही.

काय बोलायचं ते मी सांगू नये. पण आधी थोरल्याशी बोल, मग याला फोन लाव.

तुझ्या मुलाने जन्मभर माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल, जन्म मात्र लांब असू दे म्हणणारी,

फाउस्तिना चोके