आधी चूल दाखवा

ता. ६, सोमवार

पूजानं, माज्या नातीनं, आज कोरी वही दिली. म्हणली, आजी, रोजचं लिहीत जा. माजी शाळा दुसरीपर्यंत. चुकलं तर चुकलं, कोण तपासणार हाय! पूजा झरीला शिलाईच्या क्लासला जायलीय. तिथल्या ताई निस्ती मशीन शिकवत न्हाईत. पोरी फसवून नेऊन इकत्यात, ती माणसं कशी वळखायची ते बी शिकवतात. शेजारच्या सखूची मीरा बी जायली सोबत. तिचा बाप मेंढरं घेऊन लांब गेलाय, तिची शाळा सुटली. पूजानंच वढून नेली. माजी नात हाय ती.

ता. ८, बुध.

क्लासात नाटक बसवायलेत. पूजा म्हणली, आजी, तू दलालीण हो. मी पदर सारखा केला, पान लावलं, मीराला म्हणलं, "बाई गं, किती गुणाची! हुंडा नगं. कापडं आमची, गाडीभाडं आमचं." मीरा लाजून हासली. "फसलीस!" पूजा नाचायलीच. मग दोघींनी मलाच घेरलं. गाव कोणतं? पोराची आई कुठंय? आमची माणसं घर बघायला कधी येऊ देत? मला घाम फुटला. त्या नादात दूध उतू गेलं. सून बोलली, बोलू दे.

ता. १०, शुक्र.

काय लिहू! सखूकडं खरीच दलालीण आली. पाथरीची म्हणं. गळ्यात जाड माळ, हातात नवी साडी. लांब, दुसऱ्या राज्यातलं स्थळ. "हुंडा नगं. कापडं आमची, गाडीभाडं आमचं." शब्दाला शब्द माजा! मला चहाचा ठसका लागला. मीरानं माज्याकडं बघितलं. ह्या बारीला हासली न्हाई.

आठ दिसात लगीन म्हणायली. मी म्हणलं, "अवो बाई, पौष चालूय. पौषात कुणी सोयरीक करतं व्हय?"

"तिकडं पाळत न्हाईत, आजी."

आणि पोरीला सतरावं चालू, ते? त्यावर बाईनं साडीची घडी उलगडून सखूच्या मांडीवर ठेवली. सखूनं साडी मात्र ठेवून घेतली.

ता. १२, रवि.

सखू तणतणली. "आत्याबाई, तुमच्या पूजाचा बाप दारात हाय. मी एकटी कवर राखू पोरीला?" खोटं न्हाई बोलली. तरी म्हणलं, घर बघितल्याबिगर कोण देतं गं? आपल्यात बाया आधी सैपाकघरात शिरतात. चूल बघायची, पिठाचा डबा उघडायचा, मग व्हय म्हणायचं. माज्या सासरचा डबा माज्या मावशीनं उघडला होता. निम्माच होता. तरी दिली, ते येगळं.

मीरा दारात उभी राहून ऐकायली.

ता. १३, सोम. भोगी

तीळ लावून भाकरी थापल्या, सगळ्या भाज्यांची मिसळ केली. दुपारी बाई परत आली. मीराच म्हणली, "व्हिडिओ लावा. घर बघायचंय." बाईनं हौसेनं लावला. नवरदेव चाळिशीचा!

"आई कुठंय तुमची?"

"झोपलीय."

"मग चूल दाखवा."

त्यानं फोन फिरवला. एक खाट, भिंत, कुलूप घातलेलं दार. चूल न्हाई, शेगडी न्हाई, पाण्याचा गिलास सुदिक न्हाई. मग म्हणं रेंज गेली.

बाई म्हणली, "पोरगी लय तोंडाळ हाय तुमची." पूजानं क्लासच्या ताईला फोन लावला, तशी बाईनं चप्पल शोधली. ताई म्हणल्या, पोलिसात मी सांगते, बाईला परत घरात घेऊ नका.

मीराला मी पहिली भाकरी दिली. पूजा रुसली. रुसू दे.

ता. १५, बुध.

साडी सखूच्या पेटीवर तशीच. पोलिसाला दाखव म्हणलं, तर "तिचा बाप येऊ दे." तो कधी येतो, मेंढरांनाच माहीत.

सकाळी दोघी एका सायकलीवर झरीला निघाल्या. तेवढ्यात सखूचा फोन वाजला. त्या बाईचाच. सखू निस्ती बघत राहिली. मीरा सायकलीवरून उतरली, फोन उचलला.

"बोला मावशी. चूल सापडली का?"

मी हासून हासून खाली बसले. सखूनं तोंडाला पदर लावला. हासली का रडली, कळलं न्हाई. साडी अजून पेटीवरच हाय.