बंद शटरमागची जीप

येडगाव, रविवार

प्रिय हर्षाली,

फोनवर तू विचारतेस, "सगळे बरे आहेत ना?" मी म्हणते, "बरे आहेत." मग कोणीतरी एक जण फोन ठेवतं. म्हणून आज कागद घेऊन बसले. कागदाला तरी मध्येच फोन ठेवता येत नाही.

धरणावर आज धुकं उतरलं आहे. ओट्यावर बसलं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नाही. तुझा दादा टोमॅटो घेऊन मार्केटला गेलाय, समृद्धी अजून पांघरुणात आहे. आणि तुझे नाना गॅरेजमध्ये त्यांच्या जुन्या जीपमध्ये बसलेत. इथून मला त्यांचा चेहरा आणि स्टिअरिंगवरचे हात दिसतात.

तू असताना इथं गॅरेज नव्हतं, पत्र्याची पडवी होती. तू गेल्यावर पुढच्याच हिवाळ्यात, ऊसतोड चालू असताना, बिबट्याने आपल्या मोत्याला त्या पडवीतून उचललं. सकाळी नुसता साखळीचा तुकडा राहिला होता. समृद्धी तेव्हा रांगत होती. तुझ्या दादाने तीन बाजूंनी भिंती चढवल्या आणि पुढं मोटरवर चालणारं शटर बसवलं. भिंतीवरचं बटन दाबलं की घरघर करत ते खाली येतं. मग आम्ही घरात नियमच केला, दिवेलागणीच्या आत शटर खाली. समृद्धीलाही तोच धडा आणि नानांनाही.

नानांच्या विसरण्याबद्दल मी तुला आजवर अर्धंच सांगितलंय. आधी चष्मा, मग गावातल्या लोकांची नावं, मग शेताची वाट. डॉक्टर म्हणाले, नवीन आहे ते आधी पुसलं जाईल, जुनं टिकेल. तसंच झालं. नारायणगाव ते भीमाशंकर जीप चालवायचे ते दिवस मात्र त्यांना लख्ख आठवतात. जेवण झालं की ते जीपमध्ये जाऊन बसतात आणि पुकारा सुरू करतात, "चला मंचर, घोडेगाव, शिनोली, डिंभे, भीमाशंकर! बसा पावणं, लगीच निघायचं!" कितीदा तरी मी काम टाकून मागच्या सीटवर जाऊन बसलेय. माझं माहेर घोडेगावचं, मला ती वाट ठाऊक. नाना गिअर टाकतात, वळणावर हॉर्न देतात, आणि डोळे मिटले की खरंच वाटतं गाडी चाललीय. डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागतं, पुढं झाडी दाट होते, अंगाला गारवा लागतो. समृद्धीला तर ते खेळापेक्षा खरं वाटतं. ती कंडक्टर होऊन मागं उभी राहते. तुझा दादा किल्ली काढून ठेवायचा, म्हणून आम्हाला कसली काळजी नव्हती.

एक दिवस मात्र त्याने बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी जीप चालू केली होती आणि किल्ली तशीच राहिली. दुपारी आभाळ भरून आलं, अंधारून आलं. मी मागच्या अंगणात लसूण निवडत होते. नानांना वाटलं संध्याकाळ झाली. नवीन गोष्टींपैकी त्यांच्या ध्यानात राहिलेली ही एवढीच, की अंधार पडला की बिबट्या येतो आणि शटर खाली घ्यायचं. त्यांनी नातीला सांभाळून गाडीत बसवलं, बटन दाबलं आणि मग गाडी चालू केली. तेवढ्यात लाईट गेली.

मला इंजिनाचा आवाज आला तेव्हा आधी वाटलं रस्त्याने कोणीतरी चाललंय. मग पुढं आले तर बंद शटरच्या खालच्या फटीतून काळा धूर बाहेर सरपटत होता. मी बटन दाबलं, रिमोट दाबला. काहीच नाही. शटर उचलायला गेले तर नखं तुटली. आतून समृद्धी खोकत होती. "समू, किल्ली फिरव!" मी ओरडले. ती म्हणाली, "आई, मला झोप येतीय." हर्षाली, ते तिचं झोपाळलेलं बोलणं अजून माझ्या कानात आहे.

मी नानांना हाका मारल्या, शटरवर मुठी आपटल्या. आतून ते म्हणाले, "कोण हाय? गाडी भरली हाय, बाई. मागनं दुसरी येतीय, तिच्यात बसा." मी म्हटलं, "नाना, मी सोनल! धूर झालाय, गाडी बंद करा!" तर म्हणाले, "कोण सोनल? आमी न्हाई वळखत. घाट चढतोय, मधी थांबता येत न्हाई." तुझ्या दादाचं, गोरखचं नाव घेतलं, त्याचाही उपयोग झाला नाही. भर घाटात त्यांनी कोणासाठी गाडी थांबवली असती?

मग मला कसं सुचलं ते देव जाणे. मी शटरला तोंड लावलं आणि तुझ्यासारखं, शेवटचं अक्षर लांबवून म्हणाले, "नानाऽ, मी हर्षाली! कॉलेज सुटलं. मला घेतल्याशिवाय निघालात व्हय?"

इंजिन लगेच बंद झालं.

 मग जीपचं दार वाजलं आणि नानांचा आवाज अगदी जवळून, पत्र्याच्या पलीकडून आला. "आलो गं बाय. कवाधरनं उभी हायेस? ऊन लागलं आसंल." शटर बसवणाऱ्याने आतल्या बाजूला हाताने उघडायची साखळी दिली होती. ती तुझ्या दादाने समूच्या हाताला लागू नये म्हणून वर खिळ्याला अडकवली होती. मी म्हटलं, "नाना, उजव्या हाताला वर साखळी आहे. ती सोडा आणि ओढा." ते खोकत होते, पण जीपच्या टपावरचं सामान दोराने आवळणारे ते हात. साखळी खडखडली आणि शटर वितीवितीने वर गेलं. गुडघ्याएवढं होताच मी आडवी होऊन आत शिरले आणि समूला ओढून काढलं.

तिला बाहेर आल्यावर उलटी झाली, मग ती रडली. ती रडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. शेजारच्या भिमाजींनी गाडी काढली, दोघांनाही नारायणगावला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी घरी आणलं. आता दोघं ठणठणीत आहेत, घाबरू नकोस.

तुझा दादा जीप विकायला निघाला होता. म्हणाला, आधी जीप जाईल, मग गॅरेजला कुलूप. मी नाही म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच एवढ्या जोरात नाही म्हटलं. नानांचं सगळं जग त्या चार चाकांवर उरलंय, ते काढून घेतलं तर त्यांनी जायचं कुठं? शेवटी आम्ही दारच सुधारलं. बाजूच्या भिंतीत माणसाला जायला लहान दार पाडलं, त्याला आतून कडी ठेवलीच नाही. वर जाळीच्या खिडक्या केल्या. शटरच्या दोन्ही बाजूंना सेन्सरचे डोळे बसवले, खाली मांजर जरी आलं तरी ते थांबून परत वर जातं. मी अधूनमधून पाटा ठेवून बघते, नीट मागं फिरतं की नाही ते. लाईट गेली तर बाहेरूनही उघडता येईल अशी सोय केली. बटन उंचावर नेलं. साखळी मात्र हाताशी आणली, समूनेही ती ओढायला शिकून घेतली. जीपची बॅटरी काढून टाकली. नाना अजून रोज भीमाशंकरला जातात, फक्त आता उघड्या दाराने, आणि समोरून धरणाचं पाणी चमकत असतं.

पण खरं सांगायचं ते याच्या पुढचं आहे. त्या दिवशी शटर वर गेलं तेव्हा नाना धुरातून बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागं रस्त्यावर बघत राहिले. म्हणाले, "हर्षाली कुठं गेली? आत्ता तर व्हती." जैनांच्या पारसशी तू लग्न केलंस तेव्हा याच ओट्यावर ते म्हणाले होते, मला मुलगी नाही. तू नारायणगावात, हाकेच्या अंतरावर, आणि एवढ्या वर्षांत इकडं वळली नाहीस, ते त्या एका वाक्यापायी. हर्षाली, ते वाक्य त्यांच्यातून पुसून गेलंय. राग गेला, लग्न गेलं, तू राहिलीस. डॉक्टर म्हणतात, हेही फार दिवस राहणार नाही. म्हणून ये. तुझ्या लेकीला, सिद्धीला घेऊन ये, पारसला घेऊन ये. तुझ्या सासूबाईंना, सुमतीबाईंना यायचं असेल तर त्यांनाही आण. हे पत्र लिहिणार आहे असं मी तुझ्या दादाला काल सांगितलं. त्याने पायातल्या चपला काढून कडेला नीट लावल्या. मग म्हणाला, "कांदा-लसूण नको घालू. आणि दिवस मावळायच्या आत पानं वाढ, ते उशिरा जेवत नाहीत."

तुझीच,
सोनलवहिनी